नॉर्मलराव

"सर, एकतर ही नऊ मुलं खोटी, नाहीतर तुम्ही," किसणी म्हणाली आणि हसली. दुपारचे सव्वातीन झाले होते. माझ्या हातात चहाचा कप होता आणि तो मी खाली ठेवला नाही हे मला पक्कं आठवतं, कारण नंतर बघितलं तेव्हा त्यावर साय धरली होती. किसणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. आमच्या प्रयोगशाळेत येऊन तिला आठच महिने झालेत, पण ती प्रत्येक गोष्टीचा इतका कीस काढते की पहिल्याच आठवड्यात तिला हे नाव पडलं. मला सगळे नॉर्मलराव म्हणतात. तेही असंच पडलं. अकरा वर्षांपूर्वी नवं यंत्र आलं तेव्हा तुलनेसाठी धडधाकट माणसांचं रक्त हवं होतं. आजारी मुलाच्या जनुकांत काय बिघडलंय हे कळायचं तर न बिघडलेलं काहीतरी शेजारी ठेवावं लागतं ना. आम्ही वीस जणांनी हात पुढे केले. माझी शीर पटकन सापडते म्हणून माझं रक्त सगळ्यांत जास्त घेतलं गेलं आणि स्वस्थ नमुना क्रमांक एक मी झालो. तेव्हापासून प्रत्येक फेरीत आजारी मुलांच्या नमुन्यांबरोबर माझाही थेंब यंत्रात जातो. आमच्याकडे येतात ती बहुतेक मुलंच. मान न धरणारी, न बोलणारी, झटके येणारी. त्यांच्या जनुकांत एखादं अक्षर बदललेलं दिसलं की आधी माझ्याकडे बघायचं. माझ्यातही तेच असेल तर निरुपद्रवी, सोडून द्या. अकरा वर्षं मी लोकांच्या मुलांना असा उपयोगी पडतोय.

दर वर्षी या दिवसांत आम्ही जुने, निकाल न लागलेले अहवाल पुन्हा वाचतो. मधल्या काळात जगात कुठेतरी कुणालातरी काहीतरी नवं सापडलेलं असतं. किसणीच्या हातात तीन वर्षांपूर्वीची एक फाइल होती, दोन हजार सातशे चौदा. मुलगी, तेव्हा वय पाच. आमच्याकडे नावं येत नाहीत, आकडे येतात, आणि ते बरंच आहे. अहवाल दोघांनी वेगवेगळा वाचायचा, एकामागून एक. पहिल्याने निळ्या शाईत लिहायचं, दुसऱ्याने हिरव्या. निळ्या शाईत नोकरी सोडून गेलेल्या एका मुलाने लिहिलं होतं, हा बदल संशयास्पद वाटतो. खाली हिरव्या शाईत माझं अक्षर. "स्वस्थ नमुना क्र. १ मध्येही आढळतो. दुर्लक्ष करावे." अक्षर छान होतं. माझं अक्षर लहानपणापासून छान आहे. किसणी म्हणाली, "आता परदेशात नऊ मुलांमध्ये हाच बदल सापडलाय. अगदी हाच, हेच अक्षर. नऊच्या नऊ मुलांना झटके. आणि इथे आमचे नॉर्मलराव ठणठणीत!" मग जरा थांबून तिने विचारलंच, कारण ती किसणी आहे. "सर, तुम्हाला लहानपणी कधी काही...?" मी म्हणालो, "छे." एवढंच. तिने मान हलवली, निळ्या शाईत लिहिलं की बदल स्वस्थ प्रौढातही असल्याने मत कायम, आणि फाइल माझ्याकडे सरकवली. "उद्या सकाळपर्यंत हिरवी सही द्या. मोठ्या बाईंना पाठवायचंय." मोठ्या बाई म्हणजे आमच्या प्रमुख. मी म्हणालो, देतो.

आता, मी खोटं बोललो असं मला त्या क्षणी वाटलं नाही, हे सांगितलं पाहिजे. आमच्या घरात झटके नव्हतेच. आमच्या घरात चक्कर होती. दादाला चक्कर यायची. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, उजव्या भुवईत एक वाकडा केस असलेला माझा भाऊ अंघोळीहून आला की कधीकधी डोळे वर करायचा, हात ताठ व्हायचे आणि पाय फरशीवर ठकठक ठकठक वाजायचे. आई मला बाहेर ढकलून दार लावून घ्यायची. मी दारापलीकडे उभा राहून तो आवाज मोजायचो. आवाज थांबला की आई दार उघडायची आणि म्हणायची, "चक्कर आली होती रे त्याला. कुणाला सांगायचं नाही हं. झाकली मूठ सव्वा लाखाची." ताई मोठी होती, तिचं पुढे लग्न व्हायचं होतं, आणि मुठीत काय आहे हे विचारायचं आमचं वय नव्हतं. दादा सात वर्षांचा असताना एका सकाळी उठलाच नाही. त्यालाही आम्ही चक्करच म्हणालो. आणि मी? मी अधूनमधून थांबायचो. घास तोंडाशी, पेन्सिल कागदावर, आणि मी नाही. आठ-दहा सेकंद. परत यायचो तेव्हा आईचा चेहरा समोर असायचा आणि ती फक्त विचारायची, "आलास?" मी म्हणायचो, "आलो." मास्तर मला धांदरट म्हणायचे, ताई म्हणायची हा ध्यानस्थ मुनी आहे. बाराव्या-तेराव्या वर्षी ते बंद झालं. पुढे वीस-एकवीस वर्षं कुणी विचारलं नाही, आणि अकरा वर्षांपूर्वी कागदावर कुणीतरी विचारलं तेव्हा माझ्या हाताने आपोआप "नाही"वर खूण केली. हाताला ते पाठच होतं.

पाच वाजेपर्यंत मी दोन हजार सातशे चौदा उघडी ठेवून बसलो. कामाचा माणूस आहे मी, मला सगळं कळतं, हीच तर गंमत. मज्जापेशीच्या भिंतीला बारीक दारं असतात. दार उघडतं, मीठ आत शिरतं, पेशी पेटते, पुढच्या पेशीला निरोप जातो. मेंदूत ओरडणाऱ्या पेशी असतात आणि त्यांना गप्प करणाऱ्या पेशी असतात, आणि हे जनुक ज्या दाराचा नकाशा सांभाळतं ते दार मुख्यतः गप्प करणाऱ्यांकडे असतं. अक्षर चुकलं की निम्मी दारं नीट उघडत नाहीत. गप्प करणाऱ्या दमतात, ओरडणाऱ्यांना मोकळं रान. जन्मतः काही कळत नाही, कारण बाळाचा मेंदू आधी दुसऱ्याच दारांवर चालतो. मेंदू घडता घडता काही महिन्यांनी ती कमी होतात आणि त्यांच्या जागी ही येतात. मग एक दिवस थोडा ताप येतो, किंवा कुणी कढत पाण्याने अंघोळ घालतं. तोपर्यंत सगळे म्हणत असतात, काय गोड बाळ आहे. एकाच घरात, एकाच अक्षरावर एकाला एवढं होतं आणि दुसरा नुसता खिडकीबाहेर बघत बसतो. असं का, ते अजून कुणाला धड सांगता येत नाही. आणि झटक्यांवरची जी नेहमीची औषधं आहेत, सगळीकडे मिळणारी, डॉक्टर आधी तीच लिहितात, ती काय करतात? दारं अडवतात. ज्याची दारं शाबूत आहेत त्याला ती तारतात. ज्याची आधीच निम्मी आहेत त्याचे झटके वाढतात. फाइलच्या पहिल्याच पानावर डॉक्टरांनी लिहिलं होतं की ताप आला की आणि गरम पाण्याच्या अंघोळीनंतर झटके येतात. खाली चालू औषध लिहिलं होतं. त्याच जातीचं. हे पान तीन वर्षांपूर्वी मी वाचलं होतं. वाचून हिरव्या शाईत दुर्लक्ष करावे असं लिहिलं होतं. मी वाट बघत होतो की आता मला काहीतरी होईल, छातीत धडधडेल, घाम फुटेल. काही झालं नाही. मी फाइल कपाटात ठेवली, कप विसळला आणि घरी निघालो.

बायको मला दगड म्हणायची. जाताना तिने दार आपटलंसुद्धा नाही, म्हणाली, "आपटून काय उपयोग, तुला ऐकू थोडंच जाणार आहे." सहा वर्षं झाली. त्या संध्याकाळी रस्त्याने चालताना मला पहिल्यांदा असं वाटलं की चला, हे बरं सापडलं. माझा दगड हासुद्धा त्या एका अक्षराचाच असेल, माझा काय दोष? गप्प करणाऱ्या पेशी माझ्यात जरा जास्तच इमानदार निघाल्या म्हणायच्या. दोन चौक ओलांडेपर्यंत मी त्यात खूश होतो. मग लक्षात आलं की हे विज्ञान नाही, ही पळवाट आहे. कामावर एखाद्या पोराने असं लिहून आणलं असतं तर मी हिरव्या शाईत काट मारली असती. चाव्यांच्या दुकानासमोर यंत्र किरकिरत होतं आणि मी तिथे उगाच उभा राहिलो. आठ वर्षांची एक मुलगी कुठेतरी आत्ता औषध घेत असेल. तिची आई वेळ चुकवत नसेल. माझ्या सहीवर विश्वास ठेवून. हे सगळं मला शब्दांत कळत होतं आणि आत काही हलत नव्हतं, दातांच्या डॉक्टरकडून आल्यावर आपण आपलाच ओठ चावून बघतो तसं मी ते पुन्हा पुन्हा चावून बघत होतो.

घरी आल्यावर मी नेहमीप्रमाणे अंघोळ केली. नळ फिरवला, पाणी कोमट केलं आणि हात तिथेच थांबला. आमच्या घरात पाणी कोमटच असतं. कडाक्याच्या थंडीतसुद्धा. मी पंचेचाळीस वर्षांचा आहे, मी जन्मात कधी कढत पाण्याने अंघोळ केलेली नाही आणि ते का, असा प्रश्नही मला कधी पडला नाही. बायको सुरुवातीला चिडायची, "तुम्ही काय सगळे बेडूक आहात?" बाहेर येऊन मी आईला विचारलं. ती बाहत्तर वर्षांची आहे, खुर्चीत बसून शर्टाचं बटण लावत होती, माझ्याच. "आई, आपण पाणी कोमटच का घेतो गं?" "गरम पाण्याने कातडी सुकते." सुई थांबली नाही. "आणि दादाला काय होतं?" "चक्कर यायची त्याला. माहीत आहे ना तुला." "चक्करेने कुणी मरतं का, आई?" तिने दोरा दातांनी तोडला. शर्ट झटकला, घडी घातली, पुन्हा उलगडला. म्हणाली, "ताईच्या मुलीचं आत्ता कुठे जमत आलंय. कशाला नसत्या चौकशा? जेवून घे, गार होतंय." मी जेवलो. आई समोर बसून होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती, घास थांबतोय का ते. ती चाळीस वर्षं माझे घास बघत आली आहे. मी ते प्रेम समजत होतो, आणि ते प्रेमच होतं, पण नुसतं प्रेम नव्हतं.

सकाळी मी लवकर गेलो. कपाटातून स्वस्थ नमुन्यांच्या कागदांचा जुना गठ्ठा काढला. पहिलाच कागद माझा. प्रश्न सहावा: स्वतःला किंवा सख्ख्या नात्यात कुणाला झटके, फिट्स, शुद्ध हरपणे? "नाही"वर खूण. मी ती खोडली. आमच्याकडे खोडताना एकच सरळ रेघ मारायची असते, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी तारीख घालायची. रेघ मारली, तारीख घातली, "होय" लिहिलं. तपशिलाच्या रकान्यात लिहिलं, भाऊ, मृत्यू वय सात. मी स्वतः, वय बारापर्यंत. दोन ओळी. पंचेचाळीस वर्षांत आमच्या घराबद्दल एवढं खरं कुणी कुठे लिहिलं नव्हतं. मग फाइल काढून माझ्या जुन्या ओळीवर तशीच एक रेघ मारली आणि दोन्ही कागद किसणीच्या टेबलावर ठेवले. ती आली, वाचलं, पुन्हा वाचलं. मला वाटलं आता ही कीस काढणार. ती एवढंच म्हणाली, "सर, बसा तुम्ही. मी मोठ्या बाईंना बोलावते." मोठ्या बाई आल्या, त्यांनी मला फैलावर घेतलं नाही, तेही बरं नव्हतं. "म्हणजे अकरा वर्षांच्या सगळ्या फेऱ्या," त्या हळू म्हणाल्या, "सगळ्या पुन्हा वाचाव्या लागणार. जिथे जिथे तुमच्यावरून सोडून दिलंय तिथे तिथे." मी म्हणालो, हो. "तुम्हाला त्यातला एकही अहवाल वाचता येणार नाही. कळतंय ना?" मी म्हणालो, हो. त्यांनी मुलीच्या डॉक्टरांना फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. शिक्षा म्हणून केला की माया म्हणून, कोण जाणे. डॉक्टरांचा आवाज दमलेला होता. "बोलत नाही ती अजून. गेल्या महिन्यात एकतीस झटके. आम्ही डोस वाढवत चाललोय." मोठ्या बाई म्हणाल्या, "वाढवू नका. ते औषध हळूहळू उतरवा, बदला. लेखी आज पाठवते." पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग, "तीन वर्षांपूर्वी तुम्हीच लिहून दिलं होतं की तो बदल निरोगी माणसातही आहे. कोण होता तो निरोगी माणूस?" बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी पुढे वाकून म्हणालो, "मी." माझा आवाज अगदी नेहमीसारखा होता. त्या दिवशी जाताना पहारेकऱ्याने सवयीने हाक मारली, "काय नॉर्मलराव, आज लवकर?"

आईला सांगायचंच होतं, ताईला आणि तिच्या मुलीला कळवावं लागणार होतं. मी बूटही न काढता सांगितलं. "आई, मी कामावर लिहून दिलं. दादाचं आणि माझं. झटके म्हणून." मला वाटलं ती ओरडेल. ती उठली, आतल्या खोलीत गेली, बराच वेळ डबे वाजले, आणि ती हातात एक चपटा पत्र्याचा डबा घेऊन आली. त्यात सुटी बटणं होती आणि बटणांखाली चौकोनी घडी घातलेला पिवळा कागद. "सकाळी एक, रात्री एक," ती म्हणाली, पाठ असल्यासारखं. "दोन वर्षं दिली. एक दिवस चुकवला नाही, कुणाला कळू नये म्हणून दुधातून द्यायचे. डॉक्टर म्हणाले कमी पडतेय, मग दोन दोन केल्या. आणि त्या रात्री..." कागदाच्या घडीवरून तिने नख फिरवलं. "त्या रात्री ताईला ताप होता. मी तिच्यापाशी बसले आणि दादाची गोळी द्यायची विसरले. सकाळी तो असा. मी तुझ्या वडिलांनासुद्धा सांगितलं नाही रे. चाळीस वर्षं झाली. एका गोळीने केलं ते." मी कागद उघडला. शाई उडाली होती, पण औषधाचं नाव वाचता येत होतं. त्याच जातीचं. तेच, जे मी सकाळी बंद करवलं होतं.

मी खाली बसलो. मला एकदम सगळं दिसलं, दुधाचा पेला, वर गोळीची पूड, आईचं बोट पूड ढवळताना, सकाळी एक, रात्री एक, मग दोन, मग दोन, आणि दारापलीकडे वाढत गेलेली ती ठकठक. विसरलेली एक गोळी तिने चाळीस वर्षं वाहिली होती. मला खरं सांगता येत होतं. मला सांगता आलं असतं की विसरलीस ते पाप नव्हे, आई, दिल्यास त्या. अचूक, सप्रमाण, हिरव्या शाईत. ती माझ्याकडे बघत होती, निकालाला आलेली माणसं बघत असतील तशी. मी तशी माणसं कधी बघितलेली नाहीत, आमच्याकडे आकडे येतात. "तुझंच काम आहे ना रे हे," ती म्हणाली. "सांग मला. त्या एका गोळीने गेला का तो?" मी म्हणालो, "नाही. ती दिली असतीस तरी तो गेला असता. त्याचं दुखणंच मोठं होतं." हे खरं असावं. "मग बाकीच्या? त्या तरी बरोबर होत्या ना?" आणि मी, सकाळीच एक "नाही" खोडून आलेला माणूस, तिच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "बरोबर होत्या. तू सगळं बरोबर केलंस." तिने सुस्कारा टाकला. तोंडावर पदर धरला आणि ती रडायला लागली, दादा गेला तेव्हा रडली नव्हती इतकी. मी कागद पुन्हा चौकोनी घडी घालून बटणांखाली ठेवला. घडी पहिल्यांदा जमली नाही, नाकातून पाणी येत होतं आणि छातीत कुणीतरी बुक्क्या मारत होतं. मला दुखत होतं. दादाचं, त्या मुलीचं, आईचं, सगळं एकदम दुखत होतं, आणि मी त्या डब्याकडे बघत तसाच बसून राहिलो. किती वेळ गेला कुणास ठाऊक. आईने डोळे पुसले, माझी हनुवटी धरून तोंड वर केलं आणि तिच्या त्या जुन्या आवाजात विचारलं, "आलास?"

मी म्हणालो, "या वेळी गेलो नव्हतो गं, आई. इथेच होतो."